दादाभाई नौरोजी यांचा खासगी कागदपत्रसंग्रह : स्वरूप, जतन आणि इतिहासलेखनातील उपयोग

प्रास्ताविक

दादाभाई नौरोजी (१८२५-१९१७) हे नाव महाविद्यालयीन अभ्यासक्रमात इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र अशा तीन विषयांत येते. संपत्तीच्या निस्सारणाचा सिद्धांत, १८८६, १८९३ व १९०६ या तीन वर्षांचे काँग्रेसचे अध्यक्षपद आणि १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर झालेली निवड या तीन गोष्टींत त्यांची ओळख बहुधा संपते. ही ओळख मुख्यत्वे त्यांच्या प्रकाशित लेखनावर व भाषणांवर आधारलेली आहे. प्रकाशित लेखन हे विचारांचे पूर्ण झालेले रूप असते. तो विचार कोणाच्या मदतीने, कोणत्या अडचणीतून आणि किती वर्षांच्या खटपटीतून आकारास आला हे त्यात क्वचितच दिसते. ते समजून घेण्यासाठी खासगी कागदपत्रांकडे वळावे लागते.

दादाभाईंची सुमारे ३० हजार कागदपत्रे आज नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वसाहतकालीन भारतीय मुत्सद्द्यांच्या उपलब्ध संग्रहांपैकी हा एक मोठा संग्रह होय. २०२५ मध्ये दादाभाईंच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण झाली. या पार्श्वभूमीवर या संग्रहाचे स्वरूप, त्याचे वाचन कसे करावे, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि अशा कागदपत्रांचे जतन का महत्त्वाचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'खासगी' या शब्दाची व्याप्ती

अभिलेखशास्त्रात 'खासगी कागदपत्रे' या संज्ञेचा अर्थ केवळ घरगुती किंवा गोपनीय कागद असा नाही. शासकीय कार्यालयाच्या नित्य कामकाजातून निर्माण होणारे ते सरकारी दप्तर. एखाद्या व्यक्तीच्या, घराण्याच्या किंवा संस्थेच्या व्यवहारातून निर्माण होऊन त्यांच्याच ताब्यात राहिलेले ते खासगी कागद. हा भेद मालकीचा आहे, आशयाचा नाही. म्हणूनच खासगी संग्रहात अत्यंत सार्वजनिक महत्त्वाचा मजकूर सापडू शकतो.

याचे ठळक उदाहरण राज्यकर्त्यांच्या बाजूलाही आढळते. व्हाइसरॉय आणि लंडनमधील भारतमंत्री यांच्यात अधिकृत खलित्यांखेरीज नियमित खासगी पत्रव्यवहार चालत असे. धोरणामागचे खरे हेतू, सहकाऱ्यांविषयीची मते आणि भारतीय नेत्यांविषयीचे शेरे त्या पत्रांत मोकळेपणाने उतरत. ही पत्रे अधिकारी आपल्याबरोबर मायदेशी नेत. पुढे त्यांतील अनेक संग्रह इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात आणि तेथून ब्रिटिश लायब्ररीत आले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व लॉर्ड कर्झन यांचे संग्रह तेथेच आहेत. ब्रिटनमध्ये खासगी मालकीच्या ऐतिहासिक कागदपत्रांचा शोध घेण्यासाठी १८६९ मध्येच स्वतंत्र आयोग नेमण्यात आला होता. भारतात ऐतिहासिक अभिलेख आयोग १९१९ मध्ये स्थापन झाला. या ५० वर्षांच्या अंतराचा परिणाम इतिहासाच्या साधनांवरही झाला आहे. शासकांची खासगी पत्रे व्यवस्थित लावलेली मिळतात. ज्यांच्यावर शासन झाले त्यांच्या नेत्यांची पत्रे मात्र जशी योगायोगाने वाचली तशी हाती येतात.

संग्रहाची जडणघडण

दादाभाईंच्या हयातीचा मोठा भाग मुंबई आणि लंडन या दोन शहरांत विभागला गेला. एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान शिकवणारे ते पहिले भारतीय प्राध्यापक. १८५५ मध्ये कामा आणि कंपनीच्या व्यवसायानिमित्त ते इंग्लंडला गेले आणि त्यानंतर १९०७ मध्ये वर्सोव्याला कायमचे परत येईपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू राहिल्या. राजकीय सहकारी एका देशात आणि कार्यक्षेत्र दुसऱ्या देशात, अशी ही स्थिती होती. समोरासमोर बोलून जे काम झाले असते ते पत्रांतून करावे लागले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतर आगबोटीची डाक मुंबईहून लंडनला साधारणतः अडीच-तीन आठवड्यांत पोहोचू लागली. दादाभाईंचे राजकारण या डाकेच्या वेळापत्रकावर चालले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. संग्रह एवढा मोठा होण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आलेली पत्रे जपून ठेवण्याबरोबरच पाठवलेल्या पत्रांच्या प्रती ठेवण्याची त्या काळची पद्धतही येथे लक्षात घेतली पाहिजे. विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबयंत्रात दाबला की त्यावर पत्राची छाप उमटत असे. व्यापारी पेढ्यांमध्ये ही पद्धत सर्रास होती. व्यापाराचा अनुभव असलेल्या माणसाने ती राजकीय पत्रव्यवहारातही वापरावी हे स्वाभाविक होते. अशा प्रतींमुळे प्रश्न आणि उत्तर या दोन्ही बाजू अभ्यासकाला मिळतात. मात्र या छापप्रती मुळातच फिकट असतात आणि कालांतराने जवळजवळ वाचता येईनाशा होतात.

संग्रहाच्या कालखंडाबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १८८० नंतरचा भाग तुलनेने भरगच्च आहे. त्यापूर्वीचा भाग विरळ आहे. 'रास्त गोफ्तार' हे पत्र सुरू करणारे १८५१ मधील तरुण दादाभाई या कागदांत अस्पष्ट दिसतात, तर पार्लमेंटच्या काळातील दादाभाई जवळजवळ दिवसागणिक भेटतात.

संग्रहाचे अंतरंग

१) राजकीय सहकाऱ्यांचा पत्रव्यवहार : या संग्रहातील सर्वांत सलग भाग दिनशा वाच्छा यांच्या पत्रांचा आहे. वाच्छा १८९६ पासून काँग्रेसचे संयुक्त सरचिटणीस होते आणि १९०१ मध्ये अध्यक्ष झाले. मुंबईतील राजकारण, गिरण्यांची स्थिती, चलनाचा प्रश्न, सरकारी खर्चाचे आकडे असे विविध विषय त्यांच्या पत्रांत येतात. अधिवेशन संपल्यानंतर वर्षभर पसरणाऱ्या शिथिलतेबद्दलची त्यांची चिडचिडही त्यांत आहे. व्यासपीठावरील ठरावांमध्ये काँग्रेस एकमुखी दिसते. या पत्रांमध्ये ती पैशांची चणचण, वेळेचा अभाव आणि मतभेद यांतून वाट काढणारी संघटना म्हणून दिसते. १८८९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या काँग्रेसच्या ब्रिटिश समितीला भारतातून निधी वेळेवर न मिळणे ही तर कायमची डोकेदुखी होती. ॲलन ह्यूम व विल्यम वेडरबर्न यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही याच वर्गात मोडतो.

२) आर्थिक विचारांची घडण : दादाभाईंनी १८६७-७० या काळासाठी ब्रिटिश भारतातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा अंदाज मांडला. प्रांतोप्रांतीच्या प्रशासकीय अहवालांतून लागवडीखालील क्षेत्र, उत्पादन व भाव यांची माहिती काढून हा हिशेब केलेला होता. त्याची तुलना त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी केली, तेव्हा सामान्य माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही हे स्पष्ट झाले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' या ग्रंथाचा बराच भाग निबंध, निवेदने आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार यांनीच बनला आहे. खासगी पत्रे त्याची दुसरी बाजू दाखवतात. कोणता अहवाल हवा, कोणता आकडा जुळत नाही, कोणत्या आक्षेपाला उत्तर द्यायचे आहे, याची देवाणघेवाण त्यांत आहे. भारतीय खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सदस्य होते आणि १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले, वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रमण्य अय्यर यांनी त्याच्यापुढे साक्षी दिल्या. निस्सारणाचा सिद्धांत एका माणसाच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्यामागील आकड्यांची जमवाजमव अनेक हातांनी झाली होती, हे या कागदांवरून कळते.

३) ब्रिटनमधील राजकारण : १८८६ मध्ये हॉबर्न मतदारसंघातून पराभूत झालेले दादाभाई १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या ५ मतांनी निवडून आले. नावाच्या उच्चाराशी खेळत इंग्रज मंडळींनी त्यांना 'मिस्टर नॅरो-मेजॉरिटी' म्हणण्यास सुरुवात केली. दरम्यान १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉलिस्बरी यांनी त्यांचा 'काळा माणूस' असा उल्लेख केला होता आणि त्यावर ब्रिटनमध्येच मोठी चर्चा झाली होती. या काळातील पत्रव्यवहारात उदारमतवादी कार्यकर्ते, आयर्लंडच्या स्वराज्याचे समर्थक, समाजवादी अशा निरनिराळ्या मतांची माणसे येतात. समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांच्याशी त्यांचा स्नेह दीर्घकाळ टिकला, तरीही दादाभाईंच्या सनदशीर मार्गाबद्दल हिंडमन उघडपणे अधीर होत. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत दादाभाई बोलले, त्यामागे हा जुना संबंध होता.

४) तरुणांची व अनोळखी व्यक्तींची पत्रे : ज्यांना सार्वजनिक जीवनात स्थान नव्हते अशा माणसांचा आवाज या संग्रहाच्या याच भागात ऐकू येतो. लंडनमध्ये शिकणारे विद्यार्थी, नोकरीत अन्याय झालेले कर्मचारी, दाद मागण्यासाठी दुसरे दार न उरलेले अर्जदार दादाभाईंना लिहीत. एका मतदारसंघातून निवडून आलेला हा सभासद व्यवहारात साऱ्या भारताचा प्रतिनिधी मानला जात होता. त्या विश्वासाचे प्रमाण ठरावांपेक्षा या साध्या पत्रांत अधिक मिळते.

५) कौटुंबिक कागद : दादाभाई चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले, आई माणेकबाई यांनी त्यांना वाढवले. त्यांचा मुलगा अर्देशर कच्छमध्ये डॉक्टर होता. दादाभाई पार्लमेंटचे सभासद असतानाच, १८९३ मध्ये, त्याचे अकाली निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी दादाभाई भारतात आले. जाहीर कार्यक्रमांच्या वृत्तांतात मिरवणुका व स्वागत यांची वर्णने आहेत; त्या प्रवासातील शोकाची छाया कौटुंबिक कागदांशिवाय जाणवत नाही. घराण्याचा हा धागा पुढील पिढीतही जातो. पेरीन, गोशी, नर्गिस व खुर्शेद या दादाभाईंच्या नाती महात्मा गांधींच्या चळवळीत सहभागी झाल्या. खुर्शेदबेन यांनी वायव्य सरहद्द प्रांतात काम केले. आजोबांचा सनदशीर मार्ग आणि नातींचा सत्याग्रह यांच्यातील दुवा शोधायचा तर कुटुंबाची कागदपत्रे एकत्रितपणे पाहावी लागतात.

एका पत्राचे वाचन

खासगी पत्राचा उपयोग कसा करावा, यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. नाताळमधील भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक १८९४ मध्ये आले, तेव्हा २४ वर्षांच्या मोहनदास गांधी यांनी डर्बनहून दादाभाईंना पत्र लिहिले. आपण तरुण व अननुभवी असल्याने चुका होण्याचा संभव आहे, तेव्हा वडिलांनी मुलाला सांगावे तसे मार्गदर्शन करावे, अशी विनंती त्यात होती.

हे पत्र केवळ भावनिक आठवण म्हणून उद्धृत केले तर त्याचा निम्मा अर्थ हरवतो. पत्राची तारीख, त्याबरोबरची निवेदने आणि पुढील घडामोडी यांची साखळी जुळवली पाहिजे. ऑगस्ट १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. ऑगस्ट १८९५ मध्ये दादाभाईंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले. येथून पुढचा प्रवास ब्रिटिश सरकारच्या दप्तरात नोंदला गेला. डर्बनमधील एका तरुण वकिलाचे दुःख लंडनच्या मंत्र्याच्या टेबलावर कसे पोहोचले हे सरकारी दप्तर एकटे सांगू शकत नाही आणि खासगी संग्रहही एकटा सांगू शकत नाही. दोहोंच्या सांध्यावर इतिहास उभा राहतो. पत्र कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने लिहिले, त्याचे उत्तर गेले काय आणि त्यातून कोणती कृती घडली, हे पाच प्रश्न प्रत्येक पत्राला विचारणे उपयुक्त ठरते.

बडोद्याचे प्रकरणही असेच आहे. १८७४ मध्ये दादाभाई मल्हारराव गायकवाड यांचे दिवाण होते आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचा तीव्र संघर्ष झाला. केवळ रेसिडेंटचे अहवाल वाचणाऱ्यास एका अव्यवस्थित संस्थानाचे चित्र दिसेल. दादाभाईंची निवेदने त्याशेजारी ठेवली म्हणजे सुधारणांचा प्रयत्न आणि त्यात आलेले अडथळे यांचाही विचार करावा लागतो.

संग्रहाच्या मर्यादा

खासगी कागद मनमोकळे असतात म्हणून ते पूर्णतः विश्वसनीय असतात, असा समज टाळला पाहिजे. पत्र लिहिणारा समोरच्या माणसाला पाहून लिहितो. वाच्छा यांच्या पत्रांतील सहकाऱ्यांवरील टीका हा त्यांचा त्या दिवसाचा उद्वेग असू शकतो; तो त्या सहकाऱ्यांविषयीचा अंतिम निवाडा नव्हे.

दुसरी मर्यादा मौनाची आहे. पत्रसंग्रहात लिहू शकणाऱ्यांचा आवाज असतो. दादाभाईंच्या पत्नी गुलबाई यांचे अनुभव, घर चालवणाऱ्या स्त्रियांचे श्रम, नोकरचाकर यांचे जग या कागदांत अप्रत्यक्षपणेच डोकावते. या ठिकाणी मराठी वाचकाला रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथाचे स्मरण होईल. न्यायमूर्ती रानडे यांचे घरातील रूप त्या ग्रंथामुळे कळले. गुलबाईंच्या बाजूने असा ग्रंथ लिहिला गेला नाही, ही उणीव ३० हजार कागदांनीही भरून निघत नाही.

तिसरी मर्यादा मांडणीची आहे. संग्रहातील पत्रे प्रामुख्याने पत्रलेखकांच्या नावांच्या आद्याक्षरांनुसार लावलेली आहेत. एखाद्या व्यक्तीची पत्रे शोधणे त्यामुळे सोपे होते. परंतु एकाच आठवड्यात दादाभाईंच्या टेबलावर कोणकोणती पत्रे एकत्र आली होती हे चित्र विस्कटते. शिवाय इंग्रजीबरोबर गुजराती कागदपत्रेही संग्रहात असल्याने केवळ इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकाला अर्धेच दादाभाई भेटतात.

प्रकाशन व जतन

या संग्रहाचा पहिला मोठा उपयोग रुस्तम मसानी यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रासाठी केला. त्याची प्रस्तावना महात्मा गांधींनी लिहिली होती. वाच्छा व दादाभाई यांचा पत्रव्यवहार आर. पी. पटवर्धन यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर एस. आर. मेहरोत्रा व दिनयार पटेल यांनी संपादित केलेले निवडक खासगी कागद २०१६ मध्ये प्रकाशित झाले आणि २०२० मध्ये पटेल यांचे नवे चरित्र आले. तरीही छापील भाग हा संग्रहाचा लहानसा अंश आहे.

उर्वरित कागदांसमोर नैसर्गिक ऱ्हासाचे संकट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लगद्याच्या कागदात आम्ल असते. तो पिवळा पडून ठिसूळ होतो. लोहयुक्त शाई कागद खाते. उष्णता, दमटपणा आणि कसर यांची त्यात भर पडते. कागद दोन पारदर्शक थरांमध्ये ॲसिटोनच्या साहाय्याने हाताने बसवण्याची पद्धत राष्ट्रीय अभिलेखागारातच विकसित झाली आणि तिने असंख्य कागद वाचवले. परंतु असे थर पुन्हा सुटे करणे अवघड असते, म्हणून कोणताही उपाय योजताना त्याच्या दूरच्या परिणामांचा विचार करावा लागतो. डिजिटल प्रतीमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि दूरच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही साधने पाहता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश व त्यांच्याशी निगडित संस्थांच्या अभिलेखांना लागू होतो. खासगी कागदपत्रे देणगी, खरेदी किंवा अन्य मार्गाने स्वीकारण्याची मुभा त्यात आहे. मात्र घराण्यांनी आपले कागद जपलेच पाहिजेत असे बंधन नाही. जतनाचा पहिला निर्णय घरातच होतो आणि बहुधा घर बदलताना किंवा वाटणी होताना होतो.

मराठी परंपरेच्या संदर्भात

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून घराण्यांची दप्तरे शोधली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मराठेशाहीचा इतिहास खासगी दप्तरांवर उभा राहिला, असे म्हणता येईल. मात्र मोडीतील रुमालाला जे महत्त्व मिळाले ते वसाहतकाळातील पत्रे, रोजनिशा, हिशेबाच्या वह्या व संस्थांची इतिवृत्ते यांना त्याच प्रमाणात मिळाले नाही. ते कागद 'जुने' वाटत नाहीत, म्हणून ते रद्दीत जातात. वास्तविक तालुक्याच्या गावातील वकील, शिक्षक, सहकारी चळवळीतील कार्यकर्ते, सत्यशोधक व प्रार्थना समाजाचे अनुयायी यांच्या घरी असे कागद असू शकतात. महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने परिसरातील अशा संग्रहांची केवळ सूची केली, म्हणजे मालक, कालखंड, भाषा, अंदाजे संख्या व सद्यःस्थिती एवढे नोंदवले, तरी पुढील संशोधनाचा पाया घातला जाईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मालकाची संमती, मूळ क्रम न मोडण्याची दक्षता आणि हयात व्यक्तींच्या खासगीपणाचा आदर ही तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात.

समारोप

दादाभाईंचे प्रकाशित लेखन त्यांचे निष्कर्ष सांगते. त्यांचे खासगी कागद त्या निष्कर्षांपर्यंतची वाट दाखवतात. त्या वाटेवर वाच्छा यांच्यासारखे सहकारी आहेत, हिंडमन यांच्यासारखे मतभेद असणारे मित्र आहेत, डर्बनचा तरुण वकील आहे आणि इतिहासात नाव न राहिलेले अनेक अर्जदार आहेत. संग्रह नष्ट झाला असता तरी दादाभाई राहिले असते, कारण त्यांचे ग्रंथ छापले गेले होते. नाहीसे झाले असते ते हे बाकीचे लोक, ज्यांच्या अस्तित्वाचा पुरावा एका पत्रापुरताच उरला आहे. वसाहतकालीन राजकारण काही थोर व्यक्तींनी चालवले की असंख्य माणसांच्या देवाणघेवाणीतून ते घडले, या प्रश्नाचे उत्तर असे ठिसूळ कागद किती काळ टिकतात यावर अवलंबून आहे.